हरलेला पक्ष टिकतो, जिंकलेला विरतो: स्कॉटलंड, ब्रेक्झिट आणि आपला जनमत कौल

प्रश्न
*राज्यशास्त्राचा शिक्षक, फोंडा*

उच्च माध्यमिकच्या मुलांना सार्वमत हा विषय शिकवताना मी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापासून सुरुवात करतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा, हा त्यातला प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल आणि वेगळे राहण्याची दोन पाने, आणि या निशाण्या मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या असतात. यंदा त्याला जोडून स्कॉटलंडचे २०१४ चे आणि युरोपीय संघाविषयीचे २०१६ चे अशी ब्रिटनमधली दोन सार्वमते घेतली. तिन्हींचे निकाल शेजारी शेजारी मांडल्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

गोव्यात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. ज्या मागणीसाठी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) जन्माला आला, तीच लोकांनी नाकारली. तरीही दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा भाऊसाहेब बांदोडकरच पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि मगोची सत्ता १९७९ पर्यंत टिकली. कौल जिंकलेला युनायटेड गोवन्स पक्ष मात्र फुटत गेला आणि १९७७ च्या निवडणुकीपर्यंत स्वतंत्र पक्ष म्हणून उरला नाही. स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला नकार दिला, आणि पुढच्या आठ महिन्यांच्या आत झालेल्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने तिथल्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. उलट २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे ही युकिपची (यूके इंडिपेंडन्स पार्टीची) एकमेव मोठी मागणी मान्य झाली, आणि २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाला दोन टक्केही मते मिळाली नाहीत. हा योगायोग म्हणावा, की यामागे काही कारण आहे?

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला आणि मला त्याचे पूर्ण उत्तर देता आले नाही. ब्रिटनशी असलेला संघ मोडून लगेच युरोपीय संघ या दुसऱ्या, त्याहून मोठ्या संघात जाऊ पाहणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला स्वातंत्र्यवादी कसे म्हणायचे?

उत्तर १
*निवृत्त प्राध्यापक, मडगाव*

सर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर गणितात आहे. गोव्याची वैध मते मोजली तर विलीनीकरणाच्या बाजूने ४४.५ टक्के येतात. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने ४४.७ टक्के होती. सार्वमतात एवढ्या मतांनी पराभवच होतो. पण ही मते एका पक्षामागे एकवटली आणि विरोधातली पंचावन्न टक्के मते तीन-चार पक्षांत वाटली गेली, तर सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येण्याच्या पद्धतीत तो पक्ष प्रांत जिंकतो. मे २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या जवळपास निम्म्या मतदारांनी नॅशनल पार्टीला मत दिले, आणि त्यांना ९५ टक्के जागा मिळाल्या. त्याच दिवशी युकिपला देशभरात सुमारे ३८ लाख मते पडली आणि एक जागा मिळाली, कारण तिची मते सर्वत्र पातळ पसरलेली होती.

उरलेले निम्मे उत्तर मजूर पक्षाच्या वाट्याला आलेल्या दुर्दशेत सापडते. २०१० मध्ये स्कॉटलंडमध्ये मजूर पक्षाच्या ४१ जागा होत्या, २०१५ मध्ये एक उरली. सार्वमताच्या प्रचारात हा पक्ष हुजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता. मार्गारेट थॅचर यांच्या काळापासून हुजूर पक्षाविषयी स्कॉटलंडच्या औद्योगिक पट्ट्यात जो राग साठला होता, तो मजूर पक्षाच्या पारंपरिक मतदारांच्या घराघरांत होता, आणि ग्लासगोने तर स्वातंत्र्याच्या बाजूनेच कौल दिला होता. सार्वमत जिंकण्यासाठी केलेली ही युती त्या मतदारांनी पक्षाला माफ केली नाही. युनायटेड गोवन्सच्या बाबतीतही काहीसे असेच म्हणता येईल. कौलाच्या वेळी निरनिराळ्या हेतूंचे लोक दोन पानांभोवती जमले होते. कौल झाल्यावर त्यांना एकत्र बांधून ठेवणारे काही राहिले नाही.

आता आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न. तिला एक आकडा सांगावा. ब्रिटन युरोपीय संघात होता तेव्हा युरोपीय संसदेत स्कॉटलंडला सहा सदस्य होते. जवळपास तेवढ्याच लोकसंख्येच्या डेन्मार्कला १३, आणि त्याहून लहान आयर्लंडला ११. त्याशिवाय डेन्मार्क आणि आयर्लंड यांचे मंत्री संघाच्या मंत्री परिषदेत स्वतःच्या देशाच्या नावाने बसतात, युरोपीय आयोगात त्यांचा एकेक आयुक्त असतो आणि करासारख्या काही विषयांत त्यांच्या संमतीशिवाय निर्णय होत नाही. लंडनच्या संसदेत ६५० पैकी ५९ खासदार असलेल्या स्कॉटलंडला यातले काहीच मिळत नव्हते. तिथल्या सर्व खासदारांनी एकमताने विरोध केला तरी त्यांचे म्हणणे बाजूला सारून कायदा होऊ शकतो. दोन्ही ठिकाणी संघच आहे, पण एका संघात सदस्य देशाला स्वतःची खुर्ची आहे आणि दुसऱ्यात नाही, हा नॅशनल पार्टीच्या भूमिकेचा गाभा आहे. तो पटो वा न पटो, त्यात विसंगती नाही.

मात्र हा पक्ष पूर्वीपासून असा नव्हता, हेही मुलांना सांगावे. ५ जून १९७५ च्या सार्वमतात ब्रिटनच्या ६७ टक्के मतदारांनी युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, राहण्याचा कौल दिला, तेव्हा नॅशनल पार्टी बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करत होती. मजूर पक्ष इतका दुभंगलेला होता की पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी आपल्या मंत्र्यांना परस्परविरोधी प्रचार करण्याची मुभा दिली, आणि १९८३ च्या जाहीरनाम्यात त्या पक्षाने बाहेर पडण्याचे आश्वासनच दिले. राहण्याच्या बाजूने ठामपणे उभा होता तो हुजूर पक्ष. एडवर्ड हीथ यांनी १९७३ मध्ये देशाला समुदायात नेले होते आणि १९७५ मध्ये थॅचरबाईही राहण्याच्या बाजूने बोलत होत्या.

ही सगळी मांडणी उलटली त्याचे वर्ष सांगायचे झाले तर मी १९८८ सांगेन. त्या सप्टेंबरात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत येऊन कामगारांच्या हक्कांना युरोपचे संरक्षण मिळेल असे सांगितले, आणि मजूर पक्षाचा युरोपविरोध वितळू लागला. त्याच महिन्यात पंतप्रधान थॅचरबाईंनी बेल्जियममधल्या ब्रूज इथे भाषण करून सर्व देशांवर ब्रुसेल्सहून हुकूम चालवणाऱ्या युरोपीय महाराज्याला विरोध जाहीर केला, आणि हुजूर पक्षातल्या युरोपविरोधकांना आपले घोषवाक्य मिळाले. त्याच वर्षी नॅशनल पार्टीने युरोपमध्ये राहून स्वातंत्र्य हे धोरण स्वीकारले. तिन्ही पक्षांनी दहा-पंधरा वर्षांत जागा बदलल्या, आणि प्रत्येकाचे कारण युरोपपेक्षा घरच्या राजकारणात अधिक होते.

उत्तर २
*मूळची बार्देशची, सध्या स्विंडन*

प्राध्यापकसाहेबांनी पक्षांचा इतिहास सांगितला. मी मतदार कोण होता याविषयी लिहिते, कारण या शहरातल्या गोंयकारांना तो प्रश्न फार जवळून भोवला आहे.

पोर्तुगालची राजवट असताना गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते, आणि पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समुदायात असल्यामुळे त्या पासपोर्टवर आमच्यासारखी हजारो कुटुंबे इंग्लंडमध्ये काम करायला आली. २३ जून २०१६ च्या सार्वमतात आमच्या राहण्याच्या हक्काचाच प्रश्न होता, पण आम्हांला मत नव्हते. संसदीय निवडणुकीची मतदार यादी वापरली गेली, आणि त्या यादीत ब्रिटिश, आयरिश व राष्ट्रकुल देशांचे इथे कायदेशीर राहणारे नागरिक येतात. म्हणजे भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन आलेला आमचा शेजारी मत देऊ शकत होता. त्याच्याच गावचा, त्याच्याआधी इथे आलेला, पोर्तुगीज पासपोर्ट घेताना भारतीय नागरिकत्व सोडावे लागलेला माणूस देऊ शकत नव्हता. माल्टा आणि सायप्रस हे युरोपीय संघात असूनही राष्ट्रकुलात असल्यामुळे त्यांच्या नागरिकांना मत होते. पोर्तुगाल, पोलंड, रोमानिया यांच्या नागरिकांना नव्हते. स्विंडनने बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला.

दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडने नेमके वेगळे ठरवले होते. तिथे स्थानिक निवडणुकीची यादी घेतली होती, त्यामुळे एडिंबरा वा ग्लासगोत राहणारा पोर्तुगीज पासपोर्टधारक गोंयकार २०१४ मध्ये मत देऊ शकला. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होते. मात्र जन्माने स्कॉटिश असून लंडनमध्ये राहणाऱ्याला नव्हते. तिथे राहतो तो मतदार, एवढाच नियम. मला हा नियम न्याय्य वाटतो, कारण निर्णयाचे परिणाम भोगायला जो तिथेच राहणार आहे, त्याचे मत आधी मोजले जाते. आमचे नशीब एवढेच की नंतर वास्तव्याचा हक्क नोंदवण्याची योजना आली आणि ३० जून २०२१ च्या मुदतीपूर्वी बहुतेकांनी अर्ज केले. २०२१ च्या सुरुवातीपासून गोव्यातून तोच पासपोर्ट घेऊन कामासाठी नव्याने येणाऱ्याला मात्र इतर परदेशी माणसाप्रमाणे व्हिसा काढावा लागतो.

उत्तर ३
*पेडण्याचा एक जुना विलीनीकरणवादी*

ताईंनी मताधिकाराचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. १९६७ मध्ये मुंबईत आणि बाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावे अशी युनायटेड गोवन्सची मागणी होती आणि ती नाकारली गेली. इथे राहतो तोच मतदार, हा नियम आपल्याकडेही होता. तो त्या वेळी आमच्या पक्षाला सोयीचा वाटला, तरीही आम्ही हरलो.

पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांचा कल फुलाकडे होता. निकालाचे दुःख आमच्या पिढीने बाळगले आणि मी ते आजही लपवत नाही. मराठी ही आमच्या घरातल्या पोथ्यांची, कीर्तनाची, शाळेची भाषा होती आणि तिच्या राज्यात जावे असे मनापासून वाटत होते. पण कौलानंतर मार्चमध्ये मगोला मते का पडली, याचे उत्तर फक्त मतविभागणीत शोधू नये अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. कुळांच्या जमिनीचा प्रश्न होता. ज्या गावांत पोर्तुगीज काळात बहुजनांच्या मुलांना शाळा दिसली नव्हती, तिथे भाऊसाहेबांचे सरकार प्राथमिक शाळा उघडत होते. दोन पानांवर शिक्का मारून आलेल्या कितीतरी माणसांनी विधानसभेला त्याच सरकारला मत दिले, कारण गोवा वेगळा ठेवूनही राज्य आपल्या माणसाने चालवावे असे त्यांना वाटत होते. स्कॉटलंडच्या पक्षाबद्दल मला फार माहिती नाही, पण तो २००७ पासून तिथे सरकार चालवत होता असे वाचले आहे. केवळ स्वातंत्र्याच्या घोषणेवर एवढी वर्षे सत्ता राहत नाही.

आणखी एक सांगतो. २०१६ मध्ये स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपात राहण्याचा कौल दिला होता, म्हणून त्याला जबरदस्तीने बाहेर काढले गेले अशी तक्रार ऐकू येते. पेडण्यानेही वेगळा कल दिला होता. पेडण्याला एकट्याने महाराष्ट्रात जाऊ द्या अशी मागणी आम्ही केली नाही.

उत्तर ४
*वकील, पणजी*

काका, आपल्या शेवटच्या मुद्द्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. तालुका आणि राष्ट्र यांत फरक करावा लागेल. स्कॉटलंड १ मे १७०७ रोजी एका कराराने इंग्लंडशी जोडला गेला, आणि त्या करारातही त्याची न्यायव्यवस्था आणि त्याचे चर्च स्वतंत्र राहिले. आजही तिथले फौजदारी आणि मालमत्तेचे कायदे इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत. १९९९ पासून स्वतःची संसद आहे. करारातला एक पक्ष म्हणून तो स्वतःकडे पाहतो, त्यामुळे संपूर्ण ब्रिटनची बेरीज करून आलेला निकाल त्याला पुरेसा वाटत नाही.

त्यातही २०१४ च्या प्रचारात स्वातंत्र्यविरोधी बाजूचा एक प्रमुख युक्तिवाद असा होता की ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपीय संघात राहाल. युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष जोझे मानुएल बारोझो यांनी स्वतंत्र स्कॉटलंडला प्रवेश मिळणे अत्यंत कठीण, कदाचित अशक्य असल्याचे त्या फेब्रुवारीत सांगितले होते. ज्या आश्वासनावर अनेकांनी मत दिले, ते दोन वर्षांत मोडले. नॅशनल पार्टीने २०१६ च्या आपल्या जाहीरनाम्यात, इच्छेविरुद्ध युरोपातून बाहेर काढले गेल्यास पुन्हा सार्वमत मागू असे आधीच लिहून ठेवले होते.

कायद्याने मात्र त्यांचा रस्ता बंद आहे. २०१४ चे सार्वमत झाले ते ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटिश सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांच्यात करार होऊन लंडनने तात्पुरता अधिकार दिला म्हणून. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की लंडनच्या संसदेच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला असे सार्वमत घेता येणार नाही. आपला जनमत कौलही संसदेने १९६६ मध्ये केलेल्या कायद्यानेच झाला होता, विधानसभेच्या ठरावाने नव्हे. पण आपल्याकडे एक गोष्ट झाली जी ब्रिटनमध्ये झाली नाही: सरकारी यंत्रणा एका बाजूला झुकू नये म्हणून कौलापूर्वी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ब्रिटनमध्ये २०१६ साली सरकारने राहण्याच्या बाजूचे पत्रक सार्वजनिक पैशाने घरोघर पाठवले आणि त्यावर नव्वद लाखांहून अधिक पौंड खर्च केले. स्कॉटलंडच्या सार्वमतापूर्वी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, स्कॉटिश सरकारनेच स्वातंत्र्याची श्वेतपत्रिका काढली होती. अर्ध्या मतदारांना पंच एका संघाकडून खेळतो आहे असे वाटले तर निकाल मनाने स्वीकारला जात नाही.

प्रश्नकर्ता, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांच्या मुद्द्यावरून एक शंका विचारतो. १९६७ मध्ये दोन्ही पर्याय लोकांना माहीत होते. महाराष्ट्र काय आहे हे दिसत होते, आणि संघप्रदेश म्हणून गोवा पाच वर्षे चाललेला होता. २०१६ च्या मतपत्रिकेवर राहणे आणि सोडणे असे दोनच पर्याय होते, पण सोडून कुठे जायचे हे लिहिलेले नव्हते. पुढचा सारा गोंधळ यातूनच निर्माण झाला असे म्हणता येईल का? आणि हरलेला पक्ष टिकतो हा नियम म्हणून मुलांना सांगणे कितपत योग्य ठरेल?

उत्तर ५
*निवृत्त प्राध्यापक, मडगाव*

पहिल्या शंकेला माझे उत्तर हो असे आहे. सोडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली, पण त्यांत एकसंध बाजारपेठेत राहून फक्त राजकीय संघ सोडू पाहणारे होते, जकात संघही सोडू पाहणारे होते आणि कोणताही करार न करता बाहेर पडायला तयार असलेलेही होते. यांपैकी कोणत्याही एका पर्यायामागे बहुमत होते की नाही, हे मतपत्रिकेने विचारलेच नव्हते. ते ठरवण्याचे काम संसदेवर पडले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१७ मध्ये निवडणूक घेऊन होते ते बहुमतही गमावले, आणि १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा करार २३० मतांनी फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे शंभराहून अधिक खासदार होते. काहींना करार फार सौम्य वाटत होता तर काहींना फार कठोर. उत्तर आयर्लंडची सीमा हा तर असा प्रश्न होता की १९९८ च्या शांतता कराराला धक्का न लावता त्याचे उत्तर देताना उत्तर आयर्लंड आणि उरलेले ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात जकातीची रेषा ओढावी लागली. प्रचारात हा विषय जेमतेम आला होता. युकिप विरली तरी तिचा मतदार कुठे गेला नव्हता, हेही लक्षात घ्यावे. २०१९ मध्ये तो बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाकडे वळला आणि २०२४ मध्ये त्यातल्या मोठ्या भागाने युकिपचे पूर्वीचे नेते नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला मत दिले. त्या पक्षाला १४ टक्के मते मिळाली, जागा पाच.

दुसऱ्या शंकेबाबत मी सावध राहीन. नॅशनल पार्टी २०१५ मध्ये ५६ वर होती, २०१७ मध्ये ३५ वर आली, २०१९ मध्ये ४८ वर गेली आणि जुलै २०२४ मध्ये नऊवर घसरली. मजूर पक्षाने तिथे ३७ जागा परत मिळवल्या. या काळात स्वातंत्र्याला असलेला पाठिंबा मतचाचण्यांत फारसा घटलेला नव्हता. म्हणजे मागणी टिकली आणि पक्ष कोसळला. न्यायालयाच्या निकालानंतर सार्वमत नजरेच्या टप्प्यात राहिले नाही, तेव्हा लोक त्या पक्षाला सरकार म्हणून तपासू लागले: बेटांना जोडणाऱ्या फेरीबोटींचे रखडलेले काम, रुग्णालयांतल्या प्रतीक्षायाद्या, शाळांचा दर्जा, पक्षाच्या निधीची पोलीस चौकशी. आपल्या दिवार-चोडणच्या लोकांना फेरीबोट रखडली म्हणजे काय होते ते वेगळे सांगायला नको.

त्यामुळे वर्गात १९६७ शेजारी २०१५ मांडलेत, तसेच १९८० शेजारी २०२४ मांडावे असे मी सुचवीन. १९८० च्या निवडणुकीत मगो सात जागांवर आला. विलीनीकरणाचा प्रश्न त्याआधीच मागे पडला होता. पेडण्याच्या काकांनी सांगितलेल्या कुळांच्या आणि शाळांच्या कामावर पक्ष तेरा वर्षे उभा राहिला, आणि मग त्याच प्रकारच्या प्रश्नांवर लोकांनी दुसरा पक्ष निवडला. दोन्ही निवडणुकांचे मतदारसंघवार निकाल मुलांना काढायला लावले, तर जुन्या कौलाची रेषा कुठे टिकली आणि कुठे पुसली गेली हे त्यांचे त्यांनाच दिसेल.